घरच्या घरी स्पीकर आणि सबवूफर: नवशिक्या सुतारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करवत आणि ड्रिल हाताळायला नुकती सुरुवात केली आहे आणि घरात गाणी ऐकायला स्वतःच्या हातचे स्पीकर असावेत असं डोक्यात घोळतंय, अशांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यातलं सुतारकाम वाटतं त्याहून सोपं आहे आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, वाटतो त्याहून अवघड. बहुतेकांचा समज नेमका उलटा असतो. मग लाकडावर महिनाभर घाम गाळायचा आणि क्रॉसओव्हर मात्र बाजारातून तयार आणून चिकटवायचा, असं होतं. पुढची बरीचशी उत्तरं या एका मुद्द्याभोवती फिरतात.

मला साधा पाटसुद्धा धड करता येत नाही. स्पीकरचा बॉक्स जमेल का?

जमेल. खुर्चीवर माणूस बसतो, ड्रॉवर शंभरदा ओढला जातो, दाराला बिजागरी लागते. बॉक्सला यातलं काही नाही. सहा फळ्या, एकमेकींना काटकोनात, फटी न ठेवता चिकटवलेल्या. खुंटी-खाच नको, ४५ अंशांचा सांधा नको. फळीची कड दुसऱ्या फळीच्या पाठीला लावली, फेव्हिकॉल लावला, आवळून ठेवलं की झालं.

अडचण फक्त एका ठिकाणी येते: कापणी. हाताच्या करवतीने किंवा जिगसॉने दोन फूट सरळ आणि काटकोनात कापणं नवख्याला अवघडच. म्हणून ते काम करूच नका. मॉड्युलर किचन करणाऱ्या वर्कशॉपमध्ये पॅनेल सॉ असतो. मापांची यादी दिली तर तिथे अर्ध्या तासात सगळ्या फळ्या कापून मिळतात, आणि एकाच मापाच्या दोन फळ्या खरोखर एकाच मापाच्या असतात. यादी मिलिमीटरमध्ये द्या. फूट-इंच-सुतात दिली की ‘एखादं सूत इकडेतिकडे’ हे ठरलेलंच, आणि एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून जास्त.

आधी काय करू, स्पीकरची जोडी की सबवूफर?

सबवूफर, तोही बंद, म्हणजे भोक नसलेल्या, खोक्याचा. सगळे उलट सांगतात: छोटे बुकशेल्फ स्पीकर आधी, सबवूफर नंतर. आकाराने लहान म्हणून सोपं, हा त्यामागचा हिशेब. मला तो पटत नाही.

सबवूफर फक्त खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचे सूर, काढतो, म्हणून त्यात एकच ड्रायव्हर (प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग) असतो. क्रॉसओव्हर सोल्डर करावा लागत नाही, तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा एव्ही रिसिव्हरमध्येच (होम थिएटरच्या मुख्य डब्यात) असतो. आणि चुका पोटात घालायची त्याची ताकद फार मोठी आहे. ३० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे साडेअकरा मीटर असते. त्यापुढे तुमची फळी पाच मिलिमीटर चुकली, कड थोडी ओबडधोबड राहिली, तर कानाला काही कळत नाही. याउलट वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांना काम सोपवतात तिथे, म्हणजे साधारण २५०० हर्ट्झला, तरंगलांबी अवघी पावणेचौदा सेंटीमीटर असते. ट्वीटर दोन सेंटीमीटर वरखाली झाला तरी गणित बदलतं.

दुसरं कारण असं की बंद खोका कसा वागेल हे कागदावर अगदी नेमकं सांगता येतं. पूर्वी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढा खोका लागायचा. एडगर व्हिल्चरने १९५४ मध्ये अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-१ हा स्पीकर आणला आणि लहान, हवाबंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून घेतलं. तुम्ही करणार तो बंद सबवूफर त्याच कल्पनेवर चालतो.

पैसे वाचतात का?

स्वस्तातल्या २.१ सेटशी (दोन स्पीकर आणि एक सबवूफर) स्पर्धा करायची असेल तर नाही. तेवढ्या पैशात तुम्हाला ड्रायव्हरसुद्धा नीट मिळणार नाही. मधल्या आणि वरच्या दर्जाच्या सबवूफरमध्ये मात्र फरक दिसायला लागतो, कारण तिथे विकत घेताना तुम्ही अवजड खोक्याच्या वाहतुकीचे आणि दुकानदाराच्या नफ्याचेही पैसे देत असता. हत्यारं नव्याने घ्यायची असतील तर पहिल्या प्रकल्पात बचतीचा विषयच काढू नका.

ड्रायव्हरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असं लिहिलेलं असतं. ते समजून घ्यायलाच हवं का?

हवंच. तोच तर सगळ्यात फायद्याचा भाग आहे. हे आकडे थील-स्मॉल पॅरामीटर म्हणून ओळखले जातात. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ मध्ये पाया घातला आणि रिचर्ड स्मॉलने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी विद्यापीठात काम करून ते गणित पूर्ण केलं. त्याआधी खोक्याचं माप बरंचसं अंदाजाने ठरायचं.

एफएस म्हणजे ड्रायव्हर मोकळ्या हवेत ज्या कंपनसंख्येला सहज डोलतो ती. व्हीएएस म्हणजे ड्रायव्हरच्या सस्पेन्शनइतकाच (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला, म्हणजे कोनला, धरून ठेवणाऱ्या लवचीक भागाइतकाच) ताठरपणा जेवढ्या हवेत असतो तेवढी हवा, लिटरमध्ये. क्यूटीएस म्हणजे कोन हलल्यावर किती लवकर आवरला जातो त्याचं माप. जितका कमी आकडा तितकी पकड घट्ट.

आता उदाहरण. समजा १२ इंची ड्रायव्हर आहे: एफएस २५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ८० लिटर. बंद खोक्यासाठी रीत अशी: व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. या संख्येने क्यूटीएसला गुणलं की खोक्यासकटचा क्यू मिळतो आणि एफएसला गुणलं की खोक्यासकटची कंपनसंख्या. क्यू ०.७ च्या आसपास आला की आवाज सपाट उतरत जातो. ५४ लिटरचा खोका घेतला तर वर्गमूळ येतं १.५७, म्हणजे क्यू ०.७१ आणि कंपनसंख्या ३९ हर्ट्झ. आता जागा नाही म्हणून ४० लिटरचाच केला तर? क्यू ०.७८, कंपनसंख्या ४३ हर्ट्झ. चौदा लिटर कमी करूनही एवढाच फरक. बंद खोका माफ करतो म्हणतात तो असा.

हे सगळं विनआयएसडी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही होतं. पण एकदा वहीवर करून बघा, मग आलेख काय सांगतोय ते उमगतं.

ज्या ड्रायव्हरचे हे आकडे विक्रेता देत नाही, त्यावर ‘१००० वॅट’ कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो, तो घेऊ नका.

मग बाहेरचे सबवूफर भोकवाले का असतात?

त्याच ड्रायव्हरमधून जास्त खोल खर्ज काढता येतो म्हणून. पोर्टमधली, म्हणजे त्या भोकाला लावलेल्या पाइपमधली, हवा एका ठराविक कंपनसंख्येला स्वतःच डोलते आणि कोनच्या मदतीला येते. पण त्या कंपनसंख्येच्या खाली आवाज प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलने पडतो (बंद खोक्यात १२ ने), आणि तिथे कोनला मागून हवेचा आधारच उरत नाही. चित्रपटातला एखादा खोल गडगडाट आला की कोन मर्यादेबाहेर उडी मारतो. म्हणून पोर्टवाल्या सबला अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सबसॉनिक फिल्टर (अगदी खोल सूर कापणारा) असलाच पाहिजे.

पोर्टची लांबी काढायची रीत: पाइपच्या आतल्या व्यासाचा (सेंटीमीटर) वर्ग करा, २३५६२.५ ने गुणा, मग हव्या त्या कंपनसंख्येचा वर्ग गुणिले खोक्याचे लिटर याने भागा. आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३२ पट वजा करा. ६० लिटर, २८ हर्ट्झ आणि १० सेंटीमीटर व्यास धरला तर जवळजवळ ४३ सेंटीमीटर लांब पाइप लागतो. खोकाच आतून चाळीसच्या आत असेल तर एल्बो लावून वळवावा लागेल. साडेसात सेंटीमीटरचा पाइप घेतला तर लांबी २३ वर येते आणि मोह होतो, पण एवढ्याशा भोकातून १२ इंची कोनची हवा जाताना फुसफुसाट ऐकू येतो. हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत राहावा असा साधारण संकेत आहे, आणि विनआयएसडी तो आकडा दाखवतं.

पाइप म्हणून प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी उत्तम. सुरुवातीला हिशेबापेक्षा दोनतीन सेंटीमीटर जास्तच लांब ठेवा. कापून लहान करता येतो.

एमडीएफ की प्लाय?

परदेशी व्हिडिओ बघून सगळे एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) म्हणतात. तिकडे ते बरोबरही आहे: एकसारखं, स्वस्त, आतून पोकळी नाही, राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) लोण्यासारखं कापलं जातं. आपल्याकडे प्रश्न पावसाळ्याचा. एमडीएफची कापलेली कड पाणी शोषते आणि फुगते, आणि एकदा फुगली की सुकल्यावरही पूर्ववत होत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, अगदी मुंबईतसुद्धा खिडकीजवळ ठेवायचा खोका असेल तर मी साधं एमडीएफ घेणार नाही. वर वाळवीची धास्ती आहेच. सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या हवेत, सगळ्या बाजूंनी नीट सील केलेलं एमडीएफ चालून जातं.

मग काय? एचडीएचएमआर नावाचा दाट, ओलावा सोसणारा बोर्ड आता बहुतेक प्लायच्या दुकानात मिळतो. तो एमडीएफसारखाच कापला जातो, फक्त जास्त जड आणि ब्लेडला कडक. किंवा चांगला प्लाय. प्लायवर आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराचा) किंवा आयएस ७१० (मरीन) असा शिक्का असतो. आयएस ३०३ मधलाच बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) ग्रेड पुरेसा आहे. मरीनचे जास्तीचे पैसे खोक्यात घालण्यापेक्षा ड्रायव्हरमध्ये घाला. प्लाय घेताना कडेकडून बघा: थरांमध्ये फटी दिसल्या तर तो नको, कारण तीच पोकळी पुढे खर्जाबरोबर खरखरते. बोटाने टकटक करत जा, आवाज मध्येच पोकळ झाला की समजा.

आणखी दोन गोष्टी. ‘१८ एमएम’ प्लाय प्रत्यक्षात १८ भरेलच असं नाही. व्हर्नियरने मोजा आणि मगच मापांची यादी करा. आणि १८ मिलिमीटर एमडीएफची पूर्ण आठ बाय चारची शीट सुमारे ४० किलोची असते. ती एकट्याने दुसऱ्या मजल्यावर न्यायचा विचार सोडा.

सागवान? दिसायला राजबिंडं, पण अखंड लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे रेषांना आडवं फुगतं-आकसतं आणि चिकटवलेला हवाबंद सांधा उकलतो. सागाचा मोह असेल तर विनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावा.

बारा इंची बंद सबवूफरची मापं सांगा ना, थेट कापायला देता येतील अशी.

वरच्याच उदाहरणातला ड्रायव्हर धरू. ड्रायव्हरचा मॅग्नेट आणि आतला आधार मिळून पाचेक लिटर खातात, म्हणून आतून ३९ सेंटीमीटरचा घन, म्हणजे ५९ लिटर. बोर्ड खरोखर १८ मिलिमीटरचा असेल तर:

पुढची आणि मागची फळी: ४२६ × ४२६ मिमी, २ नग
वरची आणि खालची: ४२६ × ३९० मिमी, २ नग
बाजूच्या: ३९० × ३९० मिमी, २ नग
पुढच्या फळीला आतून दुप्पट जाडी: ३८८ × ३८८ मिमी, १ नग
मधला आधार: ३९० × ३९० मिमी, १ नग

एका आठ बाय चार शीटमधून हे सगळं निघून बरंच उरतं. बोर्ड १७ भरला तर बाहेरची मापं ४२४ करा, आतली तीच ठेवा. दुहेरी फळीने खाल्लेले पावणेतीन लिटर आतल्या भरावाने भरून निघतात, त्यासाठी पुन्हा हिशेब करत बसू नका.

घनाकृती खोका वाईट असतो असं वाचलं होतं.

सगळे सूर काढणाऱ्या स्पीकरसाठी खरं आहे, कारण तिन्ही दिशांना एकाच कंपनसंख्येच्या लहरी साचतात. पण ३९ सेंटीमीटरमध्ये पहिली अशी लहर ४४० हर्ट्झला येते, आणि तुमचा सब ८०-१०० हर्ट्झच्या वर कामच करत नाही. तेव्हा इथे बिनधास्त घन करा.

गोल भोक कसं कापायचं?

बॉक्स जोडायच्या आधी, हे पहिलं. ड्रायव्हरच्या कागदावर दोन व्यास असतात: बाहेरच्या कड्याचा आणि कटआउटचा. कटआउटचा घ्या. घाईत बाहेरचा घेतला तर ड्रायव्हर भोकातून थेट आत जातो.

राउटर किंवा लहान ट्रिमर असेल तर सहा मिलिमीटर प्लायची एक पट्टी घ्या, एका टोकाला ट्रिमर बसवा, हव्या त्या त्रिज्येवर खिळा ठोका आणि खिळ्याभोवती फिरवा. एका फेरीत तीनचार मिलिमीटरच खोल जा. नाहीतर जिगसॉ: ड्रिलने सुरुवातीचं भोक पाडून रेघेच्या आतल्या बाजूने कापत जा आणि शेवटी पॉलिश पेपरने रेघेपर्यंत या. जिगसॉची कड थोडी वेडीवाकडी येते, पण सबवूफरच्या कड्याखाली ती झाकली जाते.

एमडीएफ कापताना आणि घासताना एन९५ मास्क लावाच. ती धूळ बारीक असते, त्यात रेझिन असतं आणि ती तासन्‌तास हवेत राहते. काम गॅलरीत करा. घरच्यांशी संबंध चांगले ठेवण्यासाठीही ते बरं.

नुसत्या फेव्हिकॉलवर भागेल का? स्क्रू नकोत?

भागतं. नीट बसलेल्या सांध्यात सुकलेला फेव्हिकॉल आजूबाजूच्या लाकडाहून मजबूत असतो. सांधा तोडायचा प्रयत्न केला तर बोर्ड आधी फाटतो. स्क्रूचं काम फक्त सुकेपर्यंत धरून ठेवायचं. क्लॅम्प पुरेसे नसतील तर स्क्रू मारा, पण एमडीएफच्या कडेत आधी बारीक ड्रिल न मारता स्क्रू घातला तर कड उलते.

जोडताना फळ्या गुण्यात आहेत का ते बघायला गुण्याच हवा असं नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले की काटकोन झाला. चोवीस तास आवळून ठेवा, पावसाळ्यात जरा जास्तच.

ड्रायव्हर बसवायला मात्र लाकडाचे स्क्रू टाळा. दोनचारदा काढ-घाल केली की एमडीएफमधली पकड जाते. टी-नट (लाकडात रुतणारं आट्याचं नट) मागून ठोकून बोल्टने आवळा.

आतला आधार खरंच गरजेचा आहे? जाड बोर्ड घेतला तर?

बोर्डाची जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो, पण वजन आणि पैसेही दुप्पट होतात. त्यापेक्षा मधोमध एक फळी, चार मोठी भोकं पाडून खिडकीसारखी केलेली, चारही भिंतींना चिकटवा. प्रत्येक भिंतीचा मोकळा पन्ना अर्धा होतो आणि तिचा थरथराट सबच्या कामाच्या टापूबाहेर वर सरकतो. जाडीचं वेड फार पसरलं आहे. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर १२ मिलिमीटर बर्च प्लायचा आहे, भिंतींना आतून डांबरी थर दिलेला, आणि त्याच्या जुन्या जोड्या लोक आजही शोधत फिरतात. अर्थात तो पाच लिटरचा स्पीकर, सबवूफर नव्हे.

आत कापूस भरू का?

कापूस नको, तो खाली बसतो आणि दमट होतो. उशांमध्ये असतो तो रेक्रॉन घ्या. बंद खोक्यात सैलसर भरला की ड्रायव्हरला खोका प्रत्यक्षापेक्षा थोडा मोठा वाटतो. तत्त्वतः ही वाढ ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, हाती बरीच कमी लागते. पोर्टवाल्या खोक्यात फक्त भिंतींना लावा, पोर्टच्या तोंडाजवळ काही नको.

खोका हवाबंद झाला हे कसं ओळखायचं?

कोन बोटांनी सावकाश आत दाबा आणि सोडा. झटकन परत आला तर कुठेतरी गळती आहे, सावकाश आला तर ठीक. गळती नेमकी कुठे ते शोधायला ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावून सांध्यांजवळून पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरतो तिथे फट. आतून फेव्हिकॉल आणि भुशाचा लगदा भरा. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून सुटणारी वाफ धातू गंजवते. तेच वापरलं असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय ड्रायव्हर बसवू नका.

आता स्पीकरची जोडी. आवडलेला वूफर आणि आवडलेला ट्वीटर घेऊन स्वतः डिझाइन करू?

पहिली जोडी नको. इथे सुतारकाम संपतं आणि वेगळंच शास्त्र सुरू होतं.

ड्रायव्हरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो सगळीकडे ८ ओहम नसतो. रेझोनन्सला (तो सहज डोलतो त्या कंपनसंख्येला) तीसचाळीसवर जातो, वरच्या सुरांना पुन्हा चढत राहतो. वूफर आणि ट्वीटरची संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटला किती आवाज) सहसा जुळत नाही, म्हणून ट्वीटर रोखावा लागतो. दोघांतून येणारा आवाज क्रॉसओव्हरच्या टापूत एकाच वेळी, एकाच दिशेने ढकलला गेला पाहिजे, नाहीतर तिथे खड्डा पडतो. वर आणखी एक: खालच्या सुरांना आवाज खोक्याला वळसा घालून मागेही पसरतो, वरच्या सुरांना पुढची फळी त्याला पुढेच ढकलते. वीस सेंटीमीटर रुंद फळीला हा बदल ५७५ हर्ट्झच्या आसपास होतो आणि तत्त्वतः ६ डेसिबलचा असतो. क्रॉसओव्हरने त्याची भरपाई केली नाही तर स्पीकर पातळ, कर्कश वाटतो.

हे सगळं सांभाळायला ड्रायव्हर त्याच फळीत बसवून मायक्रोफोनने मोजावे लागतात. त्यासाठी आरईडब्ल्यू आणि व्हिट्युइक्सकॅड ही दोन्ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत, मोजमापाचा मायक्रोफोन विकत घ्यावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या जोडीला जरूर करा. पहिल्यांदा अनुभवी माणसाने मोजून सिद्ध केलेलं, ड्रायव्हरची नावं आणि क्रॉसओव्हरमधल्या भागांचा आकडा-न्‌-आकडा दिलेलं डिझाइन घ्या आणि तस्संच बांधा.

बाजारात तयार क्रॉसओव्हर बोर्ड मिळतात की.

मिळतात, आणि त्यांनीच सगळ्यात जास्त घरगुती स्पीकर बिघडवले आहेत असं माझं मत आहे. तो बोर्ड करणाऱ्याला तुमचा वूफर कोणता, ट्वीटर कोणता, फळी किती रुंद, काहीच माहीत नसतं. दोन्ही ड्रायव्हर म्हणजे कायम ८ ओहमचे रेझिस्टर असं धरून तो केलेला असतो. चपलेच्या दुकानात ‘सगळ्यांना बसेल’ असा एकच जोड ठेवल्यासारखं आहे ते.

नुसता एक कपॅसिटर ट्वीटरला लावणंही त्याच जातीचं: ४.७ मायक्रोफॅरड आणि ८ ओहम मिळून सुमारे ४२०० हर्ट्झला हळूहळू कापायला लागतात, वूफर मात्र मोकाट. ट्वीटर जळत नाही एवढंच. आणि कपॅसिटरशिवाय ट्वीटर थेट अ‍ॅम्प्लिफायरला कधीच लावू नका, ‘फक्त चालतोय का बघायला’ म्हणूनसुद्धा.

सिद्ध डिझाइनची मापं माझ्या शोकेसला बसत नाहीत. बदलली तर चालतील?

पुढच्या फळीची रुंदी, ड्रायव्हरच्या जागा आणि त्यांच्यातलं अंतर: हात लावायचा नाही. खोली कमी-जास्त करून आतले लिटर तेवढेच राखले तर चालतं. पोर्ट मागे असेल तर भिंतीपासून थोडी मोकळी जागा सोडा.

क्रॉसओव्हर सोल्डर करताना काय सांभाळायचं?

दोन कॉइल एकमेकींना लागून, एकाच दिशेने तोंड करून ठेवू नका. एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. अंतर ठेवा आणि काटकोनात वळवा. वूफरची धन-ऋण बाजू कळत नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: धन टोक धनाला लागलं की कोन बाहेर येतो. ट्वीटरवर हा प्रयोग नको. डिझाइनमध्ये ट्वीटर उलटा जोडायला सांगितला असेल तर ती छापायची चूक नसते, तसाच जोडा.

किती वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ?

पीएमपीओ (जाहिरातीतला फुगवलेला, क्षणिक आकडा) हा शब्द असलेली ओळ वाचूच नका. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, बघा. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे ५० ऐवजी १०० वॅट घेऊन कानाला थोडाच फरक. १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर १६ वॅटला ९८ डेसिबल देतो, आणि बैठकीच्या खोलीत तेवढं पुरून उरतं. सबवूफरला मात्र ताकद लागते, कारण तोच आवाज एक सप्तक खाली काढायला कोनला चौपट हवा ढकलावी लागते. तिथे २०० वॅट आरएमएस उधळपट्टी नाही.

आपल्या बाजारात ४४४० आयसीचे बोर्ड आणि ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरचे बोर्ड वर्षानुवर्षं चालत आले आहेत. आता टीपीए३११६ किंवा टीपीए३२५५ चे क्लास-डी बोर्ड सुटसुटीत पडतात. २३० व्होल्टची बाजू उघडी ठेवून काम करू नका: तयार, बंद डब्यातला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचं युनिट) घ्या आणि अर्थिंगची पिन जोडलेली ठेवा.

सामान कुठे मिळेल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि आजूबाजूचा परिसर. टर्मिनल, वायर, अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड, एसएमपीएस तिथे हातात घेऊन बघता येतात. पीअरलेससारख्या कंपन्यांचे ड्रायव्हर बहुधा ऑनलाइनच सोयीचे. परदेशातून किट मागवणार असाल तर किमतीत वाहतूक आणि सीमाशुल्क धरूनच निर्णय घ्या. ड्रायव्हर जड असतात.

महागड्या स्पीकर वायरची गरज नाही. घरच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन ०.०७ ओहम होतात.

फिनिश कोणतं?

सनमायका सगळ्यात सोपा आणि पावसाला पुरून उरणारा. रंग द्यायचा तर एमडीएफच्या कडा रंग पितात, म्हणून आधी सीलर किंवा पातळ केलेला फेव्हिकॉल, मग लांबी (पुट्टी), मग १२०, १८०, २४० नंबरचा पॉलिश पेपर. लॅकर भर पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. बाहेरून काहीही केलं तरी एमडीएफ आतून आणि तळाशीही सील करा. ते दिसत नाही म्हणून राहून जातं.

सबवूफर खोलीत कुठे ठेवू? एका जागी घुमतो, दुसरीकडे ऐकूच येत नाही.

तो खोलीचा गुण आहे. विटा आणि काँक्रीटच्या भिंती खर्ज परत फेकतात. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांच्या बाजूला ५६ हर्ट्झला लहर साचते: भिंतीपाशी भरभरून, मधोमध जवळजवळ गायब. पडद्यांनी खर्ज आवरत नाही.

उपाय गमतीशीर आहे पण चालतो. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी, सोफ्यावरच ठेवा, खर्जाचं ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे खर्ज सगळ्यात एकसारखा ऐकू येईल ती सबची जागा. घरात पाहुणे नसताना करा.

शेजाऱ्यांचं काय?

खर्ज स्लॅबमधून जातो, दार बंद करून अडत नाही. खोक्याखाली रबराचे पाय लावले तर थेट कंपन कमी होतं, हवेतलं नाही. निवासी भागासाठी नियमाने दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खर्ज मात्र त्याआधीच वरच्या मजल्यावरून निरोप आणतो.

माळ्यावर जुना म्युझिक सिस्टम पडलाय. त्यातले ड्रायव्हर वापरू?

कोनभोवतीची कड फोमची आहे का बघा. आपल्या हवेत फोम काही वर्षांत भुगा होतो. बोट लावलं आणि चिकट किंवा पिठासारखं वाटलं तर संपलं. रबराची कड असेल तर बहुधा अजून शाबूत असतो. पण त्याचे थील-स्मॉल आकडे तुमच्याकडे नसणार, आणि त्याशिवाय बॉक्स करणं म्हणजे पुन्हा अंदाजपंचे. आरईडब्ल्यू, एक रेझिस्टर आणि संगणकाचं साउंड कार्ड यांवर ते आकडे घरी मोजता येतात. तेवढी तयारी असेल तर वापरा, नाहीतर कापणी, चिकटवणी आणि भोक पाडण्याचा सराव करायला ठेवून द्या.